माझा तारा विझला नाही

"हलू नका. श्वास रोखा. सोडा."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी ही तीन वाक्यं इतक्यांदा म्हटली, की एकदा शेजारी घोरणाऱ्या ह्यांनाही मी झोपेतच "श्वास रोखा" म्हणाले. हे अजून ते पाहुण्यांना रंगवून सांगतात. अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे तंत्रज्ञ होते. या अंकाच्या संपादकांना त्या अंधाऱ्या खोलीतले अनुभव हवे होते. मी म्हटलं, लिहीन, पण निम्मेच. उरलेलं निम्मं आयुष्य मी गच्चीवर काढलंय आणि सांगावंसं वाटतं ते बहुतेक तिथलंच आहे.

एक्स-रेच्या खोलीत माणूस हलला की फिल्म वाया. गच्चीवर माझं काम नेमकं उलटं, तिथे मला हलणाराच हवा असतो. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लहानमोठे असंख्य दगड सूर्याभोवती फिरतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण दुर्बिणीतून दिसतो तो नुसता ठिपका, थेट ताऱ्यासारखा. तारे आपापल्या जागी राहतात आणि हा त्यांच्यातून हळूच सरकतो, एवढाच फरक. म्हणून आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो थोड्या थोड्या वेळाने काढायचे, संगणकावर एकामागून एक फिरवायचे आणि जागचा हलला तो ठिपका पकडायचा. मग शेजारच्या ताऱ्यांवरून त्याची जागा मोजायची आणि अचूक वेळेसकट परदेशातल्या नोंदणी केंद्राला कळवायची. जगभरातले माझ्यासारखे हौशी लोक अशी मापं पाठवतात आणि त्यांवरून त्या दगडाची पुढची वाट ठरते. एखादा कधीकाळी आपल्या अंगावर येणार आहे का, हेही अशाच मापांवरून कळतं. पगार नाही, रजा नाही, आणि साहेबही नाही, हे सगळ्यात चांगलं.

ही खोड मला दवाखान्यातच लागली. आमचे डॉक्टर जुनी फिल्म आणि नवी फिल्म काचेवर शेजारी लावायचे आणि मला विचारायचे, "सांगा, काय बदललं?" मला ते त्यांच्याआधी दिसायचं. त्यांनी तसं कधी कबूल केलं नाही, पण विचारायचं काही थांबवलं नाही.

माझी वेधशाळा म्हणजे गच्चीवरची पत्र्याची खोली. हे एका कारखान्यात फिटर होते. सरकत्या फाटकाची चाकं आणून त्यांनी त्या खोलीचं छत रुळांवर बसवलं. ते ढकलताना असा काही खडखडाट होतो, की आज आकाश निरभ्र आहे ही बातमी साऱ्या गल्लीला मिळते. उन्हाळ्यात शेजारच्या वहिनी पापडांची खाट नेमकी रुळांवर आडवी टाकतात, त्यामुळे आधी पापड उतरवायचे आणि मग ब्रह्मांड उघडायचं, असा आमचा क्रम आहे. एक दुःख मात्र आहे. आधी माझ्या गच्चीवरून जे अंधूक ठिपके सहज सापडायचे, त्यातले कितीतरी आता शहराच्या उजेडात बुडाले. जिकडेतिकडे पांढरे दिवे लागले आणि लोकांना त्याचा आनंदच झाला. मी कुणाकडे रडायचं?

गच्चीवर गिऱ्हाइकंही येतात. एक सद्गृहस्थ मुलीची पत्रिका घेऊन आले. शनी नेमका कुठे अडलाय ते दुर्बिणीतून बघून सांगा म्हणाले. मी त्यांना शनीची कडी दाखवली. ते बराच वेळ डोळा लावून उभे राहिले आणि "इतका चांगला दिसतो, हा कशाला कुणाचं वाईट करेल" म्हणत घरी गेले. दुसरे एक काका पिशवीत काळा दगड घेऊन आले. तो आकाशातून त्यांच्या वावरात पडला होता म्हणे. दगड आपल्याच जमिनीतला होता, सगळं वऱ्हाड ज्यावर बसलंय तोच. मी तसं सांगितलं. काका इतके नाराज झाले की चहासुद्धा अर्धा टाकला.

ती नाराजी माझ्या चांगली ओळखीची आहे. दवाखान्यात रिद्धपूरकडचे एक आजोबा खोकला घेऊन आले होते. फिल्म स्वच्छ निघाली, छाती कशी धुतल्यासारखी. मी आनंदाने सांगितलं, "काही नाही निघालं, आजोबा." ते माझ्याकडे बघतच राहिले.

"काईच नाई?"

"काहीच नाही."

"इतल्या दुरून आलो, बाई. काई तं निघालं पायजे होतं."

आम्ही सगळे तेव्हा खूप हसलो होतो. 'काही आढळले नाही' हासुद्धा एक निकाल असतो आणि तोही नीट फिल्म काढूनच द्यावा लागतो, हे लोकांच्या गळी उतरवणं फार अवघड. मला ते पटलेलं होतं, निदान मला तसं वाटायचं. अंजनगावला त्याची परीक्षा झाली.

आता थोडं सावलीबद्दल सांगते. खोलीत दिवा असेल आणि मधून कोणी गेलं तर भिंतीवर सावली सरकते. तसंच कधीतरी एखादा लघुग्रह नेमका एखाद्या ताऱ्याच्या आडून जातो आणि ताऱ्याच्या उजेडातली त्याची सावली पृथ्वीवरून धावत जाते. सावली त्या दगडाएवढीच रुंद असते. तिच्या वाटेत जो बसलेला असतो त्याला तारा क्षणभर विझलेला दिसतो, आणि वाटेबाहेरच्याला काहीच दिसत नाही. वाटेला आडवी अशी माणसांची रांग बसवली आणि कुणाचा तारा किती वेळ विझला ते मोजलं, की त्या दगडाचा आकार कागदावर काढता येतो. कोट्यवधी किलोमीटरवरच्या दगडाचा आकार, आणि तोही कुणाच्या तरी अंगणात बसून. मला तर हे सांगतानासुद्धा बसवत नाही.

काही हिवाळ्यांपूर्वी अशीच एक सावली आपल्या वऱ्हाडावरून जाणार होती. दिवेलागणीनंतर तासाभरात, पूर्वेकडून पश्चिमेकडे. अंदाजाप्रमाणे तिचा मधला भाग अंजनगाव सुर्जीवरून जात होता. आम्ही तिघं होतो. शरद सर अकोल्याला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. ते उत्तरेला चिखलदऱ्याला बसणार होते. वकीलसाहेब, म्हणजे वासुदेवराव, अकोल्यालाच दिवाणी दावे चालवतात. ते दक्षिणेला दर्यापूरजवळ एका पक्षकाराच्या शेतात बसणार होते. त्या दोघांच्या जागा सावलीच्या काठाच्याही जराशा बाहेर होत्या. त्यांना दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. मधली जागा, जिथे तारा विझणार हे नक्की, ती मला मिळाली. ज्येष्ठतेने मिळाली असं दोघं म्हणाले आणि मी नाही म्हटलं नाही.

अंजनगावला मी उतरले रुखमाबाईंकडे. त्यांच्या सुनेचा हात मोडला होता तेव्हा मी एक्स-रे काढला होता, तेवढीच ओळख. पण रुखमाबाईंच्या हिशेबात ती सोयरीकच होती. त्यांचा पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. मळ्याच्या तोंडाशी पानांच्या टोपल्या ठेवायला सारवलेली मोकळी जागा आहे आणि कडेला कमरेएवढी दगडी भिंत. तिथे मी लहान दुर्बीण मांडली. कॅमेरा लावला, घड्याळ लावलं. रुखमाबाई पदर खोचून पाहत होत्या.

"आता हे फिरन कसं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हे फिरत नाही. माझ्या लहान दुर्बिणीला ताऱ्यामागे फिरवणारी मोटार नाही. मी नेम धरून ती आधीच घट्ट आवळून ठेवते. आकाश आपणहून सरकत असतं. माझा तारा ज्या वाटेने येणार, त्याच वाटेने त्याच्याआधी जाणाऱ्या दुसऱ्या ताऱ्यावर नेम धरायचा आणि हात काढून घ्यायचा. हिशेब बरोबर असला तर ठरल्या क्षणी आपला तारा चालत समोर येतो. रुखमाबाईंना हे लगेच पटलं. म्हणाल्या, बसची वाट आपण स्टँडवरच पाहतो, तिच्यामागे धावत नाही.

वेळ झाली. पडद्यावर मोजून तीन ठिपके, त्यातला मधला माझा. फोटो भराभर काढायचे असल्याने अंधूक तारे उमटतच नाहीत, ठळक तेवढे दिसतात. मी श्वास रोखला. आता विझेल, आता विझेल. तारा चमकत राहिला. ठरलेला क्षण आला, गेला, पुढची दोन मिनिटं गेली. तारा तसाच, ढिम्म. हळूहळू सरकत पडद्याच्या कडेला गेला आणि बाहेर पडला. मी श्वास सोडला, तेव्हा छाती दुखत होती.

पहिला फोन शरद सरांचा. त्यांचा आवाज चढला होता. चिखलदऱ्याला तारा विझला होता, दोन सेकंदांच्या आसपास, कॅमेऱ्यात स्वच्छ. मी म्हटलं, वा, म्हणजे सावली अंदाजापेक्षा उत्तरेला सरकली. तेवढ्यात वकीलसाहेबांचा फोन. ते कॅमेरा वापरत नाहीत. डोळा दुर्बिणीला आणि तोंड रेकॉर्डरजवळ, अशी त्यांची जुनी पद्धत. तारा जाताना "गेला" आणि येताना "आला" ओरडायचं. त्यांनी मला फोनवरच ते ऐकवलं. 'गेला' आणि 'आला' यांच्यात चांगलं अंतर होतं.

"ताई, दर्यापुरात गेला, चिखलदऱ्याले गेला. तुमचा तं मधात आहे. किती वेळ गेला?"

"माझा विझला नाही."

 मग ते समजुतीच्या सुरात बोलायला लागले. त्यांचा तो सूर मला मुळीच आवडत नाही, उलटतपासणीत साक्षीदार फुटायच्या आधी ते तसंच बोलतात.

"दोन्ही बाजूले सावली पडली तं मधात पडलीच पायजे. तुमी दुसराच तारा धरला, ताई. नेम चुकला असन. होते असं. काहून मान्य नाही करून राहिल्या?"

खरं सांगायचं तर त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. मधल्या जागेला काही न दिसणं शक्यच नव्हतं. आणि अशी चूक आमच्यात होते, सर्रास होते. नेम केसभर इकडचा तिकडे झाला, की शेजारचाच तारा ऐटीत पडद्यावरून चालत जातो आणि आपण त्याच्याकडे प्रेमाने बघत बसतो. माझ्याजवळ ओळख पटवायला होते तीन ठिपके. तीन ठिपके आकाशात कुठेही मिळतात.

शरद सर भले माणूस, एव्हाना तेही त्याच फोनवर आले होते. त्यांनी मार्ग काढला. तुमचं ठिकाण अहवालातून वगळू, म्हणाले, 'यंत्र बिघडले' लिहू, कुणाला काही वाटणार नाही. मला भयंकर राग आला. यंत्र बिघडलं नव्हतं. माझी 'काही नाही' ही नोंद तरी राहील किंवा चूक तरी सिद्ध होईल. गुपचूप वगळली जाणं मला सहन होणारं नव्हतं. आयुष्यभर ज्या बाईने लोकांना 'काही नाही' हा निकाल ठणकावून सांगितला, तिचाच 'काही नाही' सगळे मिळून कचऱ्यात टाकायला निघाले होते.

फोन चालू असताना माझा दुसरा हात दुर्बिणीच्या पेचावर होता. सामान आवरायचं म्हणून मी तो सैल करणार होते. तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी हात असा मागे घेतला, जसा तव्यावरून घ्यावा.

दुर्बीण हलली नव्हती. मी नेम धरून ती आवळली होती आणि तेव्हापासून कुणीही तिला हात लावला नव्हता. आकाश रोज तेच असतं, फक्त रोज चार मिनिटं लवकर येतं. म्हणजे उद्या संध्याकाळी, आजच्यापेक्षा चार मिनिटं आधी, तेच तीन ठिपके त्याच वाटेने ह्याच दुर्बिणीसमोरून जाणार होते. उद्या लघुग्रह नसेल, घाई नसेल. मी सावकाश, जास्त उजेड घेणारे फोटो काढू शकेन. आजूबाजूचे अंधूक तारे उमटतील आणि नकाशाशी ताडून बघता येईल की मी काल कोणता तारा धरला होता. एक्स-रे खराब आला की आपण दुसरा काढतो, तसंच. अट एकच होती. दुर्बीण उद्या संध्याकाळपर्यंत केसभरही हलता कामा नये.

"वकीलसाहेब, पुरावा उद्या देते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रुखमाबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी सावली, तारा वगैरे बाजूला ठेवून मुद्दा पकडला.

"म्हंजे ते लोक म्हनून रायले का तुमी खोटं सांगता?"

"चुकले म्हणतात."

"एकच झालं." त्या आत गेल्या, पानासाठी ठेवलेला चुना घेऊन आल्या आणि दुर्बिणीच्या तिन्ही पायांभोवती त्यांनी पांढरं रिंगण ओढलं. "माह्या जिवात जीव हाये तवर याच्या आत कोनी पाय नाई टाकनार."

मी दुर्बिणीवर चादर टाकली, वाऱ्याने ओढू नये अशी अलगद. पण दुसरा दिवस निघाला पानं खुडायचा. सकाळपासून मळ्यात बायांची वर्दळ, डोक्यावर टोपल्या, आणि टोपल्या उतरायची जागा नेमकी तीच. रुखमाबाई रिंगणाशी बसून सगळ्यांना वळसा घालायला लावत होत्या. एक नवी बाई चादरीकडे आणि चुन्याकडे बघून हात जोडून गेली. मी तिला अडवलं नाही. त्या दिवशी मला कुणाच्याही नमस्काराचा उपयोग होता.

दुपार उलटली आणि वानरं आली.

सात-आठ काळतोंडी वानरं मळ्याच्या कुंपणावरून चालत आली. त्यातला मोठा हुप्प्या टुणकन दगडी भिंतीवर येऊन बसला, दुर्बिणीपासून हातभर अंतरावर. त्याने चादरीचं टोक उचललं आणि खाली डोकावून पाहिलं. एका बाईने ओरडायला तोंड उघडलं, दुसरीने ढेकूळ उचललं. ओरडलं किंवा ढेकूळ मारलं तर तो उडी मारणार, आणि मारायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे माझी दुर्बीण. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं, दवाखान्यातल्याच आवाजात.

"हलू नका. श्वास रोखा."

आणि खरंच, सगळ्या जणी थांबल्या. ढेकूळ हातात तसंच, टोपली डोक्यावर तशीच. रुखमाबाई तर डोळेही हलवत नव्हत्या. आयुष्यात माझं इतकं कुणी ऐकलं नसेल. हुप्प्याने चादर सोडली, आमच्या सगळ्यांकडे एकदा नीट बघितलं, कंटाळला आणि मागे वळून भिंतीवरूनच चालत निघून गेला. त्याची शेपटी दिसेनाशी झाल्यावर मी म्हटलं, "सोडा." सगळ्यांचा श्वास एकदमच सुटला आणि मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना.

संध्याकाळी मी चादर काढली. दुर्बिणीला स्पर्श न करता फक्त कॅमेरा सुरू केला. रुखमाबाई माझ्या मागे, त्यांच्या मागे सून, तिच्या मागे पानं खुडायला आलेल्या दोघी-तिघी. घरी जायला कुणी तयार नव्हतं. आदल्या दिवसाच्या वेळेला अजून चार मिनिटं होती आणि पडद्याच्या कडेने पहिला ठिपका आत शिरला. मग दुसरा. मग तिसरा. आदल्या दिवशीचा फोटो मी शेजारी ठेवला होता. तीच जागा, तीच वाट. आता सावकाश फोटो घेतला आणि त्या तिघांभोवती अंधूक ताऱ्यांचा सगळा गोतावळा उमटला. नकाशा मांडीवर होता. वरचा वाकडा त्रिकोण, खालची जवळजवळची जोडी, डावीकडची ओळ. एकेक जुळत गेलं. मधला तारा माझाच होता. काल मी बरोबर ताऱ्याकडे बघत होते आणि तो विझला नव्हता.

मी मोठ्याने रडले. आनंदानेच, पण चांगली हुंदके देऊन. सुनेने घाबरून पाणी आणलं.

"मंग तुमाले दिसलं तरी काय?" रुखमाबाईंनी विचारलं.

"काही नाही."

"काई नाई दिसलं म्हनून रडता?"

"हो."

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

फोटो मी दोघांना पाठवले. शरद सरांनी तासाभरात सगळं ताडून पाहिलं आणि मनापासून माफी मागितली. वकीलसाहेबांचा फोन आला नाही. मला वाटलं होतं तितका आनंद मला त्याचा झाला नाही, कारण तोवर पुढचा धागा माझ्या लक्षात आला होता. माझं 'नाही' खरं असेल, तर सावली फक्त चिखलदऱ्याकडून गेली आणि दर्यापूरला ती पोचणंच शक्य नव्हतं. म्हणजे आता खोटे ठरत होते ते वकीलसाहेब. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, फोटो नव्हता, होते फक्त दोन शब्द. ज्या माणसाचं सगळं आयुष्य साक्षीपुराव्यात गेलं, त्याची स्वतःची साक्ष डोळ्याची पापणी लवल्यामुळे फुकट गेली, असंच कुणीही म्हटलं असतं. शेवटी रात्री मीच फोन लावला. ते पडलेल्या आवाजात म्हणाले, "ताई, मी पाहिला. माझ्या डोयानं पाहिला. पण आता मले कोन विचारते?"

मी म्हटलं, पापणी इतका वेळ मिटत नाही, मी तुमचा आवाज ऐकलाय. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अमरावतीला पोचते न पोचते तोच त्यांचा फोन. रात्रभर झोपले नव्हते हे कळत होतं, पण आवाज पार बदलला होता.

"ताई, कोर्टात दोन खरे साक्षीदार एकमेकांच्या उलट बोलले ना, तं चांगला वकील त्यायले खोटं नाही पाडत. तो पाहते का दावाच चुकीचा मांडला आहे का. तुमी बी खरं बोलता. मी बी खरं बोलतो. मंग चूक कोनाची?"

"कोणाची?"

"दगड एक आहे हे कोनी सांगतलं आपल्याले?"

मी सामानाची पिशवी हातातच धरून जिन्यावर बसले. दोन दगड. शेजारी शेजारी, एकमेकांभोवती फिरणारे, दुरून एकच ठिपका दिसणारे. एकाची सावली चिखलदऱ्यावरून गेली, दुसऱ्याची दर्यापूरवरून, आणि मधल्या फटीतून माझा तारा माझ्याकडे बघत राहिला. मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना आम्ही दोघंही एकाच वेळी बोलत होतो.

आता हे सिद्ध करणं माझ्या गच्चीचं काम होतं. दोन दगड एकमेकांभोवती फिरत असतील आणि त्यांची फेरी आपल्याला कडेने दिसत असेल, तर अधूनमधून एक दुसऱ्याच्या आड जाणार आणि त्या ठिपक्याची चमक थोडा वेळ कमी होणार. मग जो गेला तो परत येणार, आणि ठराविक वेळाने पुन्हा तेच. मी छताचा खडखडाट करत रोज मोठी दुर्बीण त्या ठिपक्यावर लावू लागले आणि त्याची चमक मोजू लागले. चमकेच्या आलेखावर पहिले काही दिवस सरळ रेघ. हे म्हणाले, काही निघत नसेल तर विश्रांती घे. मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने चहा करायला गेले. मग एका संध्याकाळी रेघ खाली वळली. वळली, खाली गेली, खालीच थांबली आणि पुन्हा वर आली. मी गच्चीवरून ह्यांना अशी हाक मारली की वहिनी आपल्या दारातून विचारायला लागल्या, पडलं की काय कोणी.

ती रेघ पुन्हा वळते का, कधी वळते, हे बघायला मी आणि शरद सरांनी पाळ्या लावल्या. ती वळली, ठरल्या हिशेबाने वळली. आम्ही कळवल्यावर दुसऱ्या देशांतल्या हौशी लोकांनीही दुर्बिणी लावल्या, त्यांनाही ती तिथेच वळलेली दिसली. आता तो दगड जोडी म्हणून नोंदलेला आहे. त्या नोंदीच्या मुळाशी तीन ठिकाणं आहेत, चिखलदरा, अंजनगाव आणि दर्यापूर. पहिल्यापुढे 'विझला', तिसऱ्यापुढे 'विझला' आणि मधल्यापुढे 'विझला नाही'. मला माझ्या नावापेक्षा त्या 'नाही'चा जास्त अभिमान आहे. रिद्धपूरकडचे ते आजोबा आज असते तर मी त्यांना बसवून घेऊन ही गोष्ट सांगितली असती. या खेपेला मी हसले नसते.

येत्या हिवाळ्यात त्या जोडीची सावली पुन्हा एकदा आपल्या बाजूने जाणार आहे. मधली फट अंजनगावावर पडते की जराशी खाली अकोटकडे, हे अजून नक्की नाही. गेल्या आठवड्यात वकीलसाहेबांचा फोन आला होता. आधी तब्येतीची चौकशी, मग ह्यांची, मग वहिनींच्या पापडांचीसुद्धा. तेव्हाच मी ओळखलं, यांना काहीतरी मागायचं आहे.

"ताई, या खेपेले मधातली जागा मले द्या."

"तिथे काही दिसणार नाही, वकीलसाहेब."

"मनून तं मांगून राहिलो."

मी म्हटलं, विचार करून सांगते. फोन ठेवला आणि लगेच रुखमाबाईंना लावला. म्हटलं, रिंगणासाठी चुना तयार ठेवा, मी येते आहे.